समाजकार्याची मुलं दुसऱ्या वर्षात का करपतात? मोजायचं कशाने, बदलायचं काय?

फील्डवर्कवाली (सातारा)

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) नव्या वर्षाची फील्डवर्कची आखणी करायची आहे, म्हणून हा धागा. जाणकारांनी हात राखून लिहू नये.

पहिल्या सत्रात जी मुलं वस्तीतून परत यायला तयार नसतात, तीच तिसऱ्या सत्रात रेकॉर्ड (भेटींच्या लेखी नोंदी) दोन-दोन आठवडे उशिरा देतात, गृहभेटी टाळतात आणि रिपोर्टात 'क्लायंटला समुपदेशन करण्यात आले' हे एकच वाक्य पानोपानी फिरवतात. यावर ठरलेला उपाय म्हणजे फेब्रुवारीत ताणतणाव व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळा. प्रमाणपत्र, गटफोटो, चहा.

माझं मत असं की मुलं कामाने थकत नाहीत, कामाच्या आखणीने थकतात. पण हे नुसतं मत झालं. म्हणून दोन प्रश्न: १) हा थकवा मोजायचा तर कोणत्या प्रश्नावलीने? २) आखणीत नेमकं काय बदललं तर फरक पडतो? नोकरीतल्या कार्यकर्त्यांबद्दलही लिहा, ही मुलं दोन वर्षांनी तिथेच जाणार आहेत.

तिरकस

कार्यशाळेत दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. दहिवडीच्या गाडीत दुपारी श्वास घ्यायला जागा मिळाली तर तोही घेऊ.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाबद्दल.

सगळ्यांच्या तोंडी असते ती मॅस्लॅक आणि जॅक्सन यांची १९८१ची प्रश्नावली. मानवी सेवाक्षेत्रासाठीच्या आवृत्तीत २२ विधानं: भावनिक थकव्याची ९, माणसाबद्दल कोरडेपणाची ५, आपल्या हातून काही होतंय या भावनेची ८. प्रत्येकाला ० ते ६ गुण. तीन भागांची बेरीज एकत्र करायची नाही, तिन्ही आकडे वेगळे ठेवायचे. आपल्याकडच्या प्रबंधांत ही चूक सर्रास दिसते. वर तिसरा भाग उलटा चालतो, तिथे कमी गुण म्हणजे वाईट. सगळं एकत्र मिसळलं की निष्कर्षाची खिचडी होते. दुसरी चूक, '२७च्या वर म्हणजे तीव्र' अशा जुन्या मर्यादा वापरणं. चौथ्या आवृत्तीत त्या काढूनच टाकल्या आहेत. आणि ही प्रश्नावली फुकट नाही, परवाना विकत घ्यावा लागतो. झेरॉक्स मारून वाटू नका.

फुकटात चांगली हवी तर कोपनहेगनची, २००५ची. १९ प्रश्न: वैयक्तिक थकवा ६, कामाचा ७, क्लायंटसोबतच्या कामाचा ६. उत्तरांना ०, २५, ५०, ७५, १०० असे गुण देऊन सरासरी काढायची. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी अंगात ताकद उरते का, हा एक प्रश्न उलटा मोजायचा, तो विसरला की सगळी पट्टी बिघडते. तुमच्या कामाला हिचा मोठा उपयोग असा की थकवा माणसांमुळे आहे की कामाच्या रचनेमुळे, हे वेगळं दिसतं. क्लायंटचा आकडा कमी आणि कामाचा जास्त आला तर तुमचं मत बरोबर निघालं.

गुंतून काम करण्याची बाजू मोजायला शौफेली आणि बाकर यांची उट्रेख्टची पट्टी आहे. उत्साह, ओढ आणि तल्लीनता असे तीन भाग, मोठी १७ प्रश्नांची, छोटी ९ची. विद्यार्थ्यांसाठी वेगळी आवृत्ती आहे. संशोधनाला फुकट.

एक लक्षात ठेवा, गुंतणं आणि करपणं ही एकाच फूटपट्टीची दोन टोकं नाहीत. एखाद्याचे दोन्ही आकडे चढे येतात. असा विद्यार्थी सगळ्यांचा लाडका असतो, सगळीकडे त्यालाच पाठवतात, आणि तो पडतो तेव्हा कुणाला कळत नाही.

अजिंक्यतारा

बाकी मान्य, पण शब्द जपून वापरा. आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, बर्नआउटला (इथे ज्याला करपणं म्हणतोय त्याला) क्यूडी८५ असा क्रमांक आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणची घटना म्हणून. आयुष्याच्या इतर भागांतल्या अनुभवांना हा शब्द लावू नये, असंही तिथे म्हटलंय. विद्यार्थी नोकरीत नसतो. मग त्याला बर्नआउट म्हणायचं का?

आकडेमोड

@अजिंक्यतारा, निदान करायचं असतं तर आक्षेप बरोबर होता. इथे निदान नाहीच. आणि फील्डवर्कला वेळ आहे, हजेरी आहे, वरिष्ठ आहेत, क्लायंट आहेत. पगार तेवढा नाही.

तिरकस

म्हणजे नोकरीच. आपल्या क्षेत्रातली बरीच.

मिरजेचा_तंबोरा

थोडं अवांतर. धाग्याच्या नावात 'करपतात' लिहिलंय ते आवडलं. ही गोष्ट सांगायला मराठीत शब्द बरेच आहेत आणि प्रत्येक वेगळं सांगतो. 'दमला' तो झोपून उठला की ताजा होतो. 'विटला' त्याला काम नको झालेलं असतं, अंगात ताकद असली तरी. 'करपला' म्हणजे आच जास्त आणि हलवणारं कुणी नाही. दूध करपतं ते तळाला, वर साय छान दिसते. 'निबर झाला' हा मॅस्लॅकबाईंच्या दुसऱ्या भागाला चपखल बसतो, वांगं निबर होतं तसा.

प्रश्नावलीचं मराठी करताना हे उपयोगी पडेल. एकाने मराठी करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघावं. 'मी भावनिकदृष्ट्या निचरलेला अनुभवतो' असलं मराठी दिलंत तर मुलं उगाच मधल्या चौकोनात टिक करतील.

भडंग

निबर वांगं आणि करपलेलं दूध. धागा समाजकार्याचा आहे की मेसचा?

जुनी_सुपरवायझर

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, तोच मोठा आहे.

सगळ्यात आधी आयसी आणि जीसी, म्हणजे वैयक्तिक आणि गट बैठका, खऱ्या अर्थाने होतात का ते बघा. समाजकार्यातल्या सुपरव्हिजनवर लिहिणाऱ्या कडुशिनने तिची तीन कामं सांगितली आहेत: प्रशासन, शिकवणं आणि आधार. आपल्याकडे पहिलंच होतं. 'रेकॉर्ड दिलंस का? सही घेतलीस का? जा.' चार मिनिटांत आयसी संपते आणि रजिस्टरला अर्धा तास लागतो.

चालणारी पद्धत अशी. पंधरा दिवसांतून एकदा, एका विद्यार्थ्याला ४५ मिनिटं. हजेरी, सह्या, प्रवासखर्च पहिल्या पाचातच उरकायचा. मग एकच केस घ्यायची, चार नाही. क्लायंट काय म्हणाला, तू काय म्हणालास, त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं, या क्रमाने. तिसऱ्या प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर आलं तर गप्प बसायचं. सुपरवायझरला दहा सेकंद गप्प बसवत नाही, ही खरी अडचण आहे. शेवटची दहा मिनिटं पुढच्या भेटीत काय करायचं यासाठी, आणि ते विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं.

बिघडतं कुठे? गुण देणारा आणि आधार देणारा माणूस एकच असतो तिथे. ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्याच्यापुढे 'मला त्या घरी जायची भीती वाटते' असं कोण बोलेल? म्हणून महिन्यातली एक जीसी गुण न देणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीकडे द्या. पाच-सहा मुलांचा गट पुरे. बारा झाले की दोघं बोलतात, बाकीचे मोबाइल बघतात.

दुसरं, रेकॉर्ड. पाऊण तासाच्या मुलाखतीचं शब्दशः प्रोसेस रेकॉर्डिंग नीट लिहायला तीन तास जातात. ते दर आठवड्याला मागितलं की मुलं कल्पनेने लिहू लागतात. महिन्याला एक शब्दशः मागा, बाकीच्या भेटींचं एक पान. 'समुपदेशन करण्यात आले' हे वाक्य आळसातून आलेलं नाही, मागणीतून आलंय.

माणदेशी_माणूस

वरच्या ताईंनी रेकॉर्डचे तास काढले, आता आठवड्याचे काढू. फील्डवर्क दोन दिवस, १५ तास. साताऱ्याहून दहिवडी भागात एजन्सी (फील्डवर्कसाठी मुलं जातात ती संस्था) असेल तर जाऊन-येऊन चार तास धरा, दोन दिवसांचे ८. रेकॉर्ड ५. झाले २८. वर्ग चार दिवस, पाच तासांनी २०. एकूण ४८, आणि यात लघुप्रबंध नाही. शिवाय निम्मी पोरं संध्याकाळी कुठेतरी काम करतात. 'कमवा आणि शिका' हे साताऱ्याला नवीन नाही, कर्मवीरअण्णांच्या जिल्ह्यात ते सांगायलाही नको. पण त्या योजनेत कमावणं आणि शिकणं एकाच आवारात होतं. इथे मधे एसटी आहे.

उपाय साधा. लांबच्या एजन्सीला दोन सुटे दिवस नकोत, लागून दोन दिवस द्या आणि रात्री गावात राहायची सोय बघा. ८ तासांचा प्रवास ४ वर येतो. मुलींच्या बाबतीत राहण्याची जागा आधी सुपरवायझरने डोळ्यांनी पाहिलेली असावी, फोनवर ठरलेली नको.

स्पष्टवक्ता

थोडं कडू बोलतो. अर्धी मुलं या अभ्यासक्रमाला आवडीने येतच नाहीत. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून येतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बॅगेत असतात. त्यांना करपलेलं कसं म्हणायचं? आच लागलीच नव्हती. आखणी कितीही बदला, ओढ नसेल तर काय मोजणार?

जुनी_सुपरवायझर

@स्पष्टवक्ता, मग धागाकर्तीने लिहिलंय की तीच मुलं पहिल्या सत्रात वस्तीतून हलत नव्हती. ओढ होती. मधे काहीतरी झालं.

माणदेशी_माणूस

काय झालं ते सांगतो. काम केलं आणि त्याचं काय झालं हे दिसलंच नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांना पोरं चार महिने शिकवतात, कारखान्याचा पट्टा पडतो आणि टोळी बीडकडे परत जाते. पुढच्या हंगामात तीच टोळी त्याच कारखान्याला येईल याची खात्री नाही. मॅस्लॅकचा तिसरा भाग इथे कोसळतो.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक तरी काम असं द्या, ज्याला शेवट आहे. संजय गांधी निराधार योजनेची एक फाईल पहिल्या कागदापासून खात्यात पैसे येईपर्यंत. त्यात काय काय अडतं बघा: उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा. हे सगळं जमलं की आधारवर 'लक्ष्मीबाई' आणि पासबुकावर 'लक्ष्मी'. एवढ्यावर फाईल अडकते. मग आधी आधार दुरुस्ती, नंतर बँकेत केवायसी, मग खात्याला आधार जोडलंय का ते तपासणं. हा क्रम उलटा केला की महिना वाया. पोहोच पावतीवर आवक क्रमांक आणि तारीख आहे का बघायचं, नाहीतर तहसीलला कुणी ओळख देत नाही. एका सत्रात एक फाईल पूर्ण होतेच असं नाही, पण कुठे अडकली हे विद्यार्थ्याला अचूक सांगता येतं. आपण नालायक नाही, टेबल क्रमांक अमुकवर अडलोय, एवढं कळलं तरी माणूस टिकतो.

भडंग

लका, हे खरं समुपदेशन. टेबल क्रमांकासकट.

कृष्णाकाठ (सांगली)

आमच्याकडे पावसाळ्यात सगळं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे, तिथल्या पाण्याच्या पातळीकडे बघतं. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७च्या वर गेलं. इशारा पातळी ठेवलीय ती कशासाठी? मधल्या पाच फुटांत जनावरं, धान्य, म्हातारी माणसं हलवता यावीत म्हणून. आपल्या संस्थांत कार्यकर्त्याला विचारतात ते पाणी घरात शिरल्यावर, राजीनामा टेबलावर आल्यावर.

४०ची खूण कशी ओळखायची? माझ्या मते भाषेवरून सगळ्यात आधी. 'त्या मावशी' जाऊन 'ती केस' येते, मग 'ते डीव्हीवालं' (डीव्ही म्हणजे घरगुती हिंसाचार). मग नोंदीतला कॉपी-पेस्ट: दोन वेगळ्या कुटुंबांच्या अहवालात एकच परिच्छेद. मग अवघड घराची भेट सारखी पुढे ढकलणं आणि सोप्या घरी तीनदा जाणं. फोन वाजताना बघून उलटा ठेवणं. शेवटी क्लायंटवर विनोद. आपसात हलकं व्हायला केलेले विनोद वेगळे, ते प्रत्येक हॉस्पिटलात असतात. क्लायंट मूर्ख आहे या अर्थाचे सुरू झाले की पाणी ४२वर.

महापुरानंतरच्या कामाचंही सांगतो. पहिले पंधरा दिवस कुणी थकत नाही. किट वाटणं, गाळ काढणं, सगळे हात लावतात. माणसं पडतात ती दोन-तीन महिन्यांनी. मदत आटलेली, पंचनाम्यात नाव नाही म्हणून रोज तीच बाई दारात, आणि कार्यकर्त्याच्या हातात द्यायला काही नाही. पूरग्रस्त कार्यकर्ता असेल तर त्याचं स्वतःचं घरही ओलंच असतं. रजा तेव्हा द्यायची असते. आपण पहिल्या आठवड्यात शाल-श्रीफळ देतो.

करारी_माणूस

नोकरीवाल्यांची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. ११ महिन्यांचा करार, मधे खंड, परत आदेश. अनुदान उशिरा सुटलं की मानधन तीन-चार महिन्यांचं एकदम. प्रवासभत्त्याचं बिल त्याच्याही मागे. बालसंरक्षणाचं काम मात्र २४ तास, कारण मूल सापडतं ते रात्रीच.

मॅस्लॅक आणि लायटर यांनी सहा गोष्टी मांडल्यात जिथे माणूस आणि काम यांचं जमत नाही: कामाचा बोजा, स्वतःच्या कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांची सोबत, न्याय्य वागणूक, मूल्यं. आपल्याकडे चर्चा फक्त पहिल्याची. खरी गोम सहाव्यात आणि तिसऱ्यात आहे. 'तुम्ही समाजसेवेत आहात, पैशाचं काय बोलता' हे वाक्य दोन्हींवर एकदम घाव घालतं. ज्याला सेवा म्हणायचं त्याची किंमत मागता येत नाही, आणि ज्याला नोकरी म्हणायचं तिथे सेवेची अपेक्षा. अशा माणसाला प्राणायाम शिकवू नका. त्याचं टीए बिल पास करा.

तिरकस

+१. टीए बिल पास होणं ही उपचारपद्धती म्हणून अभ्यासक्रमात घ्यावी.

अजिंक्यतारा

सगळं 'थकवा' या एका पोत्यात भरू नका. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) प्रकरणात बालकल्याण समिती सहाय्यक व्यक्ती नेमते. ती व्यक्ती त्या मुलाची हकिकत पुन्हा पुन्हा ऐकते. तिला झोपेत तीच चित्रं दिसणं, त्या रस्त्याने जायचं टाळणं, स्वतःच्या मुलांबद्दल एकाएकी धास्ती वाटणं हे करपणं नव्हे, हा दुय्यम आघात. करपणं हळूहळू येतं, हे एका प्रकरणानेही होतं. आणि सुट्टी देऊन जात नाही. प्रो-क्वॉल नावाची ३० प्रश्नांची फुकट प्रश्नावली आहे, गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते. समाधान, बर्नआउट, दुय्यम आघात यांचे दहा-दहा प्रश्न. या कामासाठी तीच घ्या.

जीसीत अशा केसवर बोलताना गावाचं नाव, आडनाव, शाळा काही नको. आपल्या तालुक्यांत 'नदीकाठच्या गावातली, वडील ट्रॅक्टरवर' एवढ्यावर घर ओळखतात. वय आणि गाव दोन्ही बदलून बोला, तपशील वहीतच राहू दे.

तिसरी गोष्ट नैराश्य. कोणत्याही प्रश्नावलीत किंवा बोलण्यात मरणाचा विचार आला तर बेरीज करत बसायचं नाही. त्याच दिवशी त्या मुलाशी एकट्याने बोलायचं, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जायचं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं.

स्पष्टवक्ता

ठीक. माझं विधान मागे घेत नाही, पण अर्धं करतो. प्रश्न असा की हे सगळं मोजणार कोण? फील्डवर्कवाली बाईंनी स्वतः फॉर्म वाटले तर सगळे 'उत्तम' लिहितील.

आकडेमोड

बरोबर. फॉर्म दुसऱ्या विभागाच्या माणसाने वाटावेत. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. तीन वेळा मोजायचं असल्याने सांकेतिक खूण लागेल: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्माची तारीख (महिना नको) आणि मोबाइलचा शेवटचा अंक. पाचपेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा जाहीर करू नका. तीसच्या वर्गात 'वसतिगृहाबाहेरची, विवाहित' म्हटलं की एकच मुलगी उरते. आणि मोजायचं कधी? परीक्षेच्या आठवड्यात मोजलं तर परीक्षाच मोजली जाईल. सत्राचा चौथा आठवडा, दहावा आणि पुढच्या सत्राचा चौथा.

जुनी_सुपरवायझर

एक राहिलंच. शेवट. परीक्षा जवळ आली की फील्डवर्क बंद होतं आणि क्लायंटला कळतही नाही. मुलं आजीला 'येते हं' म्हणून जातात आणि परत जात नाहीत, ते वर्षभर टोचत राहतं. चार आठवडे आधीपासून प्रत्येक भेटीत 'आता माझ्या तीन भेटी उरल्या' असं मोजून सांगायला लावा. एका पानाचं हस्तांतर पत्रक: आजवर काय झालं, काय अडलंय, पुढची तारीख कोणती आणि एजन्सीतलं कोण बघणार. चौथ्या ओळीत नाव नसेल तर फील्डवर्क पूर्ण धरू नका.

फील्डवर्कवाली (सातारा)

सगळ्यांचे आभार. वाचून कागदावर उतरवलं ते असं.

कोपनहेगन आणि उट्रेख्टची छोटी, दोन्ही मिळून २८ प्रश्न, आकडेमोड यांच्या वेळापत्रकाने. शब्दशः रेकॉर्ड महिन्याला एक. माण-खटावच्या एजन्सींना लागून दोन दिवस, राहण्याची जागा आधी पाहून. प्रत्येकाला शेवट असलेली एक फाईल. हस्तांतर पत्रक सक्तीचं. कार्यशाळेचे पैसे बाहेरून येणाऱ्या जीसीच्या व्यक्तीच्या मानधनाला वळवता येतात का, ते प्राचार्यांना विचारते.

एकच अडचण उरते. एजन्सी सुपरवायझर स्वतः ११ महिन्यांच्या करारावर आहेत. त्यांच्याकडून मुलांसाठी वेळ मागायचा कोणत्या तोंडाने?

करारी_माणूस

मागा, पण लेखी मागा. महाविद्यालय आणि एजन्सीच्या करारपत्रात 'आठवड्याला एक तास विद्यार्थी मार्गदर्शन' असं लिहून घ्या म्हणजे तो तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरला जाईल. नाहीतर तो रविवारी जातो. आणि वर्षाअखेरीस महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, किती मुलं आणि किती तास हे लिहिलेलं अनुभवपत्र द्या. पुढच्या कराराच्या मुलाखतीत ते फाईलला लावता येतं.

तिरकस

आणि कंदी पेढे. अनुभवपत्रासोबत, ऐवजी नव्हे.